वहीच्या डाव्या बाजूला

“वहीच्या पानाला मधोमध घडी घालतेस ना तू?” असं वकिलानं त्या मुलीला विचारलं, आणि बाईंना आधी हसूच आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत लांब टेबलाच्या कडेला त्या बसल्या होत्या. चौकशी समितीवर आहोत तर चेहरा गंभीर ठेवायचा, असं त्यांनी सकाळीच स्वतःला बजावलं होतं. तरीही ओठाचा एक कोपरा हललाच. ती घडी त्यांची होती. वर्षाच्या पहिल्या तासाला त्या प्रत्येक वर्गाला वहीचं पान मधोमध दुमडायला लावत. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, कागदावर वाचलं, ते डाव्या बाजूला. त्यावरून आपल्याला जे वाटलं, ते उजव्या बाजूला. “उजवीकडचं डावीकडे आलेलं दिसलं तर कान उपटीन,” असं त्या म्हणत, आणि पोरं खिदळत, कारण बाईंनी आजवर कुणाच्या कानाला बोट लावलं नव्हतं. इतिहास शिकवायच्या त्या, पण शाळेत त्यांना ‘कशावरून बाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. टेबलापलीकडच्या खुर्चीत आठवीतली मुलगी बसली होती. घडीचं नाव ऐकताच तिचे आवळलेले खांदे सैल झाले. “हो, घालते,” ती म्हणाली. “मग आपण तसंच करू या,” वकील म्हणाला. “मी विचारीन, तू फक्त सांगायचं. डावीकडे की उजवीकडे. चालेल?” प्रश्नाच्या आधी एक श्वासभर थांबायचं, मग आवाज अर्धा खाली आणून विचारायचं, म्हणजे समोरचं मूल पुढे वाकतं. तो थांबासुद्धा बाईंचाच होता. त्यांच्या या जुन्या विद्यार्थ्यानं तो जसाच्या तसा जपून ठेवला होता.

झालं होतं ते एवढंच. पंधरा दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याचा लोखंडी कठडा सुटला आणि पाचवीतली एक मुलगी खालच्या चौकात पडली. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. तिचे आईवडील संस्थेत आले, ओरडले, रडले. मग सगळ्यांनाच कुणीतरी दोषी हवं झालं. शाळेची इमारत, दारं, खिडक्या, नळ हे सगळं बघायचं काम शिपायाचं. त्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. मुख्याध्यापक जवळपास त्याच्याच वयाचे, तेही मामाच म्हणत. मामा म्हणाला, कठडा हलतोय हे मी आठ दिवस आधी सरांच्या कानावर घातलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, माझ्यापर्यंत असं काही आलेलं नाही. मामाची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. लेखी असं काही नव्हतंच. मामाला लिहायचा कंटाळा, आणि एकाच इमारतीत राहून कोण कुणाला अर्ज लिहितो? हे प्रकरण इथंच मिटलं असतं, पण एके दिवशी तास संपल्यावर ही मुलगी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वर्गात तिला गप्पी म्हणत, कारण ती कायम गप्प असे. तिच्या तोंडून पहिलं पूर्ण वाक्य काढायला बाईंना दीड वर्ष लागलं होतं. ती म्हणाली, “बाई, मी ऐकलंय. मी नकाशा आणायला ऑफिसात गेले होते तेव्हा मामा आत सरांना सांगत होते.” बाईंनी तिला तिथल्या तिथं विचारलं, “कशावरून?” आणि तिनं डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे असं नीट लावून सांगितलं. बाईंचं ऊर भरून आलं होतं. त्यांनीच समितीला पत्र लिहिलं की एक साक्षीदार आहे.

समितीत तिघं होते. संस्थेचे सचिव, डोळे मिटून ऐकणारे एक विश्वस्त, आणि शिक्षकांच्या वतीनं बाई. प्रश्न विचारायला संस्थेनं वकील नेमला. त्याचं नाव वाचलं तेव्हा बाई स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “अहो, आपला बारक्या!” बारक्या वर्गात सगळ्यांत बुटका होता. आता चांगला सहा फूट झाला होता, पण बाईंच्या तोंडी तेच राहिलं. गेल्या वीस वर्षांत असा एक वर्ग गेला नसेल ज्याला त्यांनी बारक्याची गोष्ट सांगितली नाही. त्यांचं नोकरीचं तिसरं वर्ष होतं. तोवर त्या इतरांसारख्याच शिकवत होत्या. फळ्यावर मुद्दे, मुद्द्यांखाली रेघ, “लिहून घ्या.” एकदा त्या कुठल्याशा लढाईचं वर्णन वाचून दाखवत होत्या. शेवटच्या बाकावरून एक किरटा आवाज आला, “बाई, हे ज्यानं लिहिलंय तो तिथं होता का?” वर्ग हसला. बाईंच्या हातात पुस्तक तसंच राहिलं. त्यांना स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, शिक्षणशास्त्राची पदवी घेताना नाही. लहानपणी त्यांनी एकदा वर्गात हात वर केला होता, तेव्हा गुरुजींनी त्या हातावरच पट्टी मारली होती. तेव्हापासून हात खाली ठेवायची सवय लागली होती, ती शिक्षिका झाल्यावरही सुटली नव्हती. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही. उद्या शोधून सांगते.” संध्याकाळी त्या ग्रंथालयात गेल्या. लिहिणारा तिथं नव्हता, लढाईनंतर साठ वर्षांनी जन्मला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात सांगितलं, आणि पुढचा पाऊण तास असा गेला की घंटा झालेली कुणाला ऐकूच आली नाही. घडीची कल्पना त्यातूनच निघाली, बारक्याच्याच वहीवर. त्या नेहमी म्हणत, मी शिकवते तसं शिकवायला मला एका पोरानं शिकवलं.

म्हणून शुक्रवारी सकाळी, चौकशीच्या आधी, व्हरांड्यात गप्पी आईचा पदर बोटाला गुंडाळत उभी असलेली पाहिली तेव्हा बाई तिच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “घाबरू नको. वकील कोण आहेत माहितीये? बारक्या! आपल्यातलाच आहे तो.” गप्पीचे डोळे केवढे मोठे झाले. बारक्या तिच्या लेखी पुस्तकातला माणूस होता. “जेवढं माहीत आहे तेवढंच सांग,” बाई म्हणाल्या. “त्याहून एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.”

“तू मामांना पाहिलंस?” वकिलानं विचारलं.

“नाही. दार लोटलेलं होतं. आवाज ऐकला.”

“म्हणजे डावीकडे काय लिहिशील? मामा, की आवाज?”

“आवाज.”

“छान. मामा उजवीकडे. आता शब्द. कुठले शब्द ऐकलेस?”

“‘हलतोय साहेब. एखादं पोर जाईल खाली.’”

“‘जाईल’ की ‘पडेल’?”

गप्पी थांबली. डोळे बारीक करून ती खरोखर आठवू लागली, वर्गात आठवायची तशीच. “‘जाईल’... नाही, ‘पडेल’ असेल. ते नक्की नाही सांगता येणार.”

“मग ते वाक्य कुठं जाईल?”

“उजवीकडे,” ती हळूच म्हणाली.

“राहिलं काय? ‘हलतोय.’ काय हलतोय? कठडा हा शब्द ऐकलास?”

“नाही, पण...”

“बाक हलतो. पंखा हलतो. माझ्या मुलाचा दात हलतोय सध्या.” सचिव हसले. विश्वस्तांनी डोळे न उघडता पोट हलवलं. गप्पीही थोडी हसली, कारण बाईंच्या वर्गात असंच हसत हसत चालायचं. “कठडा कशावरून?” आणि तो शब्द त्याच्या तोंडून आला तो थेट बाईंच्या सुरात, ‘व’वर किंचित रेंगाळून. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. आपण शिकवलेली गोष्ट समोर इतक्या सफाईनं चाललेली पाहताना काही क्षण त्या शाळेत नव्हत्या, समितीत नव्हत्या, त्या फक्त बघत होत्या. वार कोणता होता? मंगळवार असेल. असेल की होता? नक्की नाही. नकाशा कुठला आणायचा होता? आठवतो. मग वार का नाही आठवत? आणि प्रत्येक ‘नक्की नाही’बरोबर गप्पीचा चेहरा अधिक प्रामाणिक, अधिक उजळ होत गेला. आपण अगदी बरोबर करतो आहोत, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही, अशा विश्वासानं ती एकेक वाक्य उचलून उजवीकडे ठेवत गेली. शेवटी तिच्या डाव्या बाजूला एक आवाज आणि एक क्रियापद उरलं. वकिलानं पेनाचं टोपण लावलं. “थँक यू बेटा. इतकी प्रामाणिक साक्षीदार मी पाहिली नाही,” तो म्हणाला. ते खरं होतं. सचिवांनी लिहून घेतलं : साक्षीदार आपल्या म्हणण्याविषयी ठाम नाही.

काय झालं ते बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा. आधी नाही. व्हरांड्यात गप्पीनं त्यांना गाठलं. “बाई, मी बरोबर बोलले ना?” तिची आई मागं उभी होती, तिला अजून काही कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “हो. अगदी बरोबर बोललीस.” गप्पीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरचं वाचायलाही बाईंनीच शिकवलं होतं. जुने फोटो दाखवून त्या विचारत, हा माणूस हसतोय, पण हात बघा, हात काय सांगतात? बाईंनी हात पदराखाली घेतले. व्हरांड्याच्या टोकाला मामा घंटेपाशी उभा होता. त्याला आत बोलावून पाच मिनिटांत बाहेर पाठवलं होतं. बाई जवळून जाताना तो एवढंच म्हणाला, “पोरीला रागावू नका हं बाई. लहान आहे.” जणू चौकशी गप्पीचीच होती.

खाली गाड्या लावायच्या जागेत बारक्या त्यांची वाट पाहत थांबला होता. कोट काढून हातावर टाकलेला. बाईंना पाहून त्याचा चेहरा असा फुलला की क्षणभर त्यांना तो शेवटच्या बाकावर दिसला. “बाई, कसं झालं?” त्यानं विचारलं. पेपर देऊन आलेला मुलगा विचारतो तसं. तो चेष्टा करत नव्हता, आणि हेच बाईंना सगळ्यांत जड गेलं.

“मामा खरं बोलतोय हे तुला माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

“मला काहीच माहीत नाही बाई. मी तिथं नव्हतो.”

“वाटतं तरी?”

“उजवीकडचं विचारताय?” तो हसला. मग त्यांचा चेहरा पाहून थांबला. “वाटतं. सरांनी ऐकलं असणार आणि कानाडोळा केला असणार. पण मला कुणी त्यासाठी नाही नेमलं. तुम्हीच म्हणायचात ना, उत्तर काय येतं याची काळजी करू नका, प्रश्न चोख हवा?”

म्हणायच्या त्या. फळ्यावर लिहायच्या.

“खरं सांगू?” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरंच मऊ झाला होता. “ती जर ठामपणे एकच वाक्य धरून बसली असती ना, ‘मामा म्हणाले कठडा हलतोय’, बस्स, तर मला काही करता आलं नसतं. दुसरं कुठलंही पोर असतं तर तेच केलं असतं. पण ती तुमची निघाली.” गाडीचं दार उघडून तो थोडा घुटमळला. “घरी या ना एकदा बाई. बायकोला तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय.”

बाई चालतच घरी गेल्या. बसचे दोन थांबे मागं पडले, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्या हातानं आपण त्या मुलीला तिथं नेऊन बसवलं, वर म्हणालो, घाबरू नको, आपल्यातलाच आहे. त्यांना आधी बारक्याचा राग आला, सरळ, स्वच्छ राग, आणि तो राग होता तोवर चालणं सोपं होतं. केसानं गळा कापला, असं त्या स्वतःशी पुटपुटल्या. बाजूनं जाणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. वीस वर्षं ज्याचं नाव मुलांपुढं घेतलं त्यानं घरचीच सुरी घरच्यांवर चालवली. पण पुढच्या चौकात लाल दिव्याशी थांबल्यावर त्यांना अचानक वर्गातला पृथ्वीचा गोल आठवला. बारक्या तेव्हा नववीत होता. भूगोलाच्या कपाटातला गोल फुटला, आणि बाईंनी वर्गातच खटला भरवला. कुणी फोडला ते पुराव्यानं ठरवा. बारक्यानं तासाभरात सिद्ध करून दाखवलं की तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीशिवाय दुसरं कुणी त्या वेळी कपाटापाशी असणं शक्यच नव्हतं. काय मांडणी होती! ती मुलगी रडली, पण तिला काही सांगता येईना. चार दिवसांनी बारक्या शिक्षकांच्या खोलीत येऊन बाईंना म्हणाला, “बाई, गोल माझ्याच हातून पडला होता.” आणि दोघं हसले होते. दोघं! बाईंनी त्याला म्हटलं होतं, “लबाडा, तू मोठेपणी वकील हो.” त्या मुलीला त्यांनी नंतर काही सांगितलं होतं का? सांगितलं असेल. नाही, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वर्गापुढं सांगावं लागलं असतं, मग बारक्याला शिक्षा करावी लागली असती, आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं. त्या मुलीचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. रिबिनी आठवल्या, चेहरा नाही. दिवा हिरवा झाला, लोक पुढं गेले, मागचा माणूस म्हणाला, “चला हो मावशी.”

नवरा ओट्याशी काकडी चिरत होता. जमीन मोजणीच्या खात्यात जन्म घालवलेला माणूस. काकडीचे तुकडेसुद्धा एका मापाचे. बाईंनी चपला न काढताच सगळं सांगितलं. घडी, ‘जाईल’ की ‘पडेल’, हलणारा दात, बारक्या काय म्हणाला, मामा काय म्हणाला. त्यांचा आवाज चढत गेला. नवऱ्यानं सुरी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, “आणि तू काय विचारलंस?”

“मी?”

“तू समितीत होतीस ना? मुख्याध्यापकांना कुणी काही विचारलं की नाही?”

त्यानं काही खोचक म्हणून विचारलं नव्हतं. त्याला फक्त हिशेब पुरा लागत नव्हता, एका बाजूची मोजणी झाली, दुसऱ्या बाजूची राहिली, असं. बाई खुर्चीत बसल्या. मुख्याध्यापक अख्खा वेळ तिथंच होते. खिडकीपाशी, स्वतःच्या खुर्चीत. एकानंही मान वळवून त्यांना विचारलं नव्हतं की तुमच्यापर्यंत आलं नाही हे कशावरून. त्या माणसाचं एक वाक्य, ‘माझ्यापर्यंत आलेलं नाही’, आयतं डाव्या बाजूला जाऊन बसलं होतं, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं प्रत्येक अक्षर तपासून तपासून उजवीकडे टाकलं होतं. हे बाईंना दिसायला हवं होतं. वीस वर्षं ज्या बाईनं दुसरं काही केलं नाही तिला हे दिसू नये? त्या वर्गात विचारत, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं. पण वर्गात विचारून कुणाचं काही जात नव्हतं. सगळे मेलेले राजे. मेलेल्या राजाला प्रश्न विचारायला काय लागतं? समोर जिवंत मुख्याध्यापक बसला होता, ज्याच्या हातात त्यांचं वेळापत्रक होतं, आणि त्या काय करत होत्या? त्या बारक्याकडे बघत होत्या. शागिर्दाची तान ऐकणाऱ्या गवयासारखी मान डोलावत होत्या. रागाच्या तळाशी हे होतं, आणि एकदा हाताला लागल्यावर राग धरून बसायलाही त्यांना जागा उरली नाही. “पोळी लावू का?” नवऱ्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, “नको.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “लावा.”

शनिवारी त्या दिवसभर घरातच होत्या. रविवारी मामाच्या घरी जायचं म्हणून त्यांनी चपला घातल्या. शाळेमागच्या वस्तीत तो राहतो एवढं ठाऊक होतं. कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथं उभं राहून काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करू लागल्या. पहिलं वाक्य जमलं, दुसरं जमेना, दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ नव्हता. फळवाल्यानं दोनदा विचारलं, काय देऊ. त्या परत फिरल्या.

सोमवारी अहवाल सहीला आला. दीड पान. शिपायानं सूचना दिल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही, एकमेव साक्षीदार ठाम नाही, सबब शिपायाचा हलगर्जीपणा. सचिवांची सही झाली होती, विश्वस्तांचीही. बाई कागद घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. “सर, सही करण्याआधी मला एक प्रश्न विचारायचाय. अहवालात नोंद व्हायला हवी. मामांनी तुम्हाला कठड्याबद्दल सांगितलं होतं का?”

“बाई, चौकशी शुक्रवारी संपली.”

“प्रश्न राहिला होता.”

मुख्याध्यापक तसे वाईट गृहस्थ नव्हते. बाईंच्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर त्यांचे तास त्यांनी स्वतः घेतले होते. त्यांनी टेबलावरची घंटी उगाच थोडी सरकवली. “रोज पन्नास माणसं पन्नास गोष्टी सांगतात. मला आठवत नाही.”

“सांगितलं नाही, की आठवत नाही?”

“आठवत नाही, बाई.” आणि मग, नजर न उचलता, “दोन वर्षं राहिली आहेत माझीही.”

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या अहवालाच्या तळाशी लिहिलं : मुख्याध्यापकांना चौकशीत एकही प्रश्न विचारण्यात आला नाही. मी समितीत असून विचारला नाही. आज विचारला असता त्यांना आठवत नाही. मुलीला ‘नक्की नाही’ म्हटल्याबद्दल जो न्याय, तोच त्यांना लावावा. सही करत नाही. अक्षर वाकडं आलं. बाहेर पडताना, खोटं कशाला, थोडं हलकं वाटत होतं. ते हलकेपण संध्याकाळपर्यंतच टिकलं. सचिवांनी अहवाल नव्यानं टाइप करून घेतला. तीन सदस्यांची समिती, दोन सह्या पुरतात. मामाला लगेच घरी बसायला सांगण्यात आलं. घंटेपाशी दुसऱ्या दिवशी एक नवाच माणूस उभा होता, त्यानं घंटा मिनिटभर लवकर दिली. बाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना तीन पानी पत्र लिहिलं, पोच घेतली. उत्तर येईल तेव्हा येईल. पुढच्या आठवड्यापासून आठवीचे तास त्यांच्याकडून काढून ग्रंथालय दिल्याचा कागद मात्र दोनच दिवसांत आला.

त्या वर्गावरचा शेवटचा तास गुरुवारी होता. बाई आत गेल्या, पोरं उभी राहिली, बसली. त्यांनी खडू उचलला आणि ठेवून दिला. व्यासपीठावरची खुर्ची त्यांनी ओढत खाली आणली, पहिल्या बाकांच्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. इतक्या जवळून वर्ग वेगळाच दिसत होता. सगळे गुडघे, सगळी दप्तरं. “आज मी विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. मी तिथं होते. तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा.” पंखा घरघरत होता. मुलांना हा नवा खेळ वाटत होता की सापळा, ते कळेना. पुढच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, “बाई, तुम्ही आम्हाला आता शिकवणार नाही?” “नाही.” मग खिडकीच्या बाजूनं बाक वाजला. गप्पी उभी राहिली होती. गेले चार दिवस तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, मराठीच्या तासाला नाही, गणिताच्या नाही. दीड वर्षाची मेहनत एका दिवसात पाण्यात, असं बाई मनातल्या मनात म्हणत होत्या, जणू ती मेहनत त्यांचीच होती.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही सरांना तेव्हाच का नाही विचारलंत?”

उत्तरं पुष्कळ होती. नियम, पद्धत, प्रश्न विचारायचं काम वकिलाचं. नंतर विचारलं, हेही होतं. लेखी विचारलं, पत्रही पाठवलं, तास गेले. ती सगळी बाईंच्या जिभेवर रांगेनं येऊन उभी राहिली. “मी त्याच्याकडे बघत होते,” त्या म्हणाल्या. “वकिलाकडे. माझा विद्यार्थी किती छान विचारतोय, असं मला वाटत होतं. तुझ्याकडे माझं लक्षच नव्हतं.” कुणीतरी पेन पाडलं, उचललं नाही. गप्पी उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायची बाईंची तयारी होती, रडू आलं तरी त्याची तयारी होती. त्यातलं काही नव्हतं. ती विचार करत होती. शाब्बास, चांगला प्रश्न, असं म्हणायची वेळ होती. शब्द सवयीनं तोंडापर्यंत आला, आणि बाईंनी तो गिळला.

“तुम्ही मामांच्या घरी गेलात?” गप्पीनं विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “निघाले होते. परत आले.”

“मी काल गेले होते,” ती म्हणाली, आणि खाली बसली.